नळावर धुतलेले ठिपके

"नळ तठे शे. धुई ये."

नाना अहिराणीत एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. हाताने नळ दाखवला आणि परत मोबाइलमध्ये पाहू लागले.

मी नंदुरबारच्या एका मिरची कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट, पाय अनवाणी. चेहऱ्याला राख लावलेली, आणि राखेवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, कपाळापासून हनुवटीपर्यंत ओळीने. माझ्या काकांनी ते काडीने एकेक करून काढले होते. होळीची मानता, म्हणजे नवस, असलेला माणूस आमच्या सातपुड्यात पाच दिवस पाळणी करतो. पाच दिवस आंघोळ नाही, तोंड धुणं नाही, खाटेवर किंवा खुर्चीवर बसणं नाही, पायात चप्पल नाही. तो चौथा दिवस होता.

समोर भिंतीवर हजेरीचं मशीन. चेहरा दाखवायचा, हिरवा दिवा लागला की आत जायचं. मी तीनदा उभा राहिलो. तीनदा लाल दिवा. तीनदा मशीनमधली बाई हिंदीत म्हणाली, "कृपया पुनः प्रयास करें."

मागे रांग वाढत होती. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "भूतनी हजेरी बी लागस का रे?"

सगळे हसले. माझ्या डोंगरातली चार माणसं रांगेत होती. ती हसली नाहीत. ती खाली बघत होती. मला त्यांचं खाली बघणंच जास्त लागलं.

"नाना," मी म्हणालो, "आजच्या दिवस रजिस्टरमध्ये सही करतो. उद्या संध्याकाळी पाळणी सुटते. परवा मशीनला चेहरा दाखवतो."

नाना कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने भलतंच काही मागितल्यावर पाहतात तसं.

"रजिस्टर घरना लोकेसनं शे," ते म्हणाले. आणि मग ते नळाचं वाक्य.

मी नळाकडे निघालो. त्याच वेळी हितेशची मोटारसायकल फाटकातून आत आली.

हितेश शेठचा भाचा. तापीकाठच्या त्यांच्या गावात केळी, ऊस, कापूस. माझ्याच वयाचा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. परवाच्या धुळवडीचा रंग त्याच्या तोंडावर तसाच होता. गाल जांभळे, कान हिरवे, दात तेवढे पांढरे. मलाही तो आधी मोटारसायकलवरूनच ओळखू आला.

"नाना, तीन येळ घसं तरी रंग जात नही भो!"

"राहू दे. दोन दिनमा जाई," नाना हसून म्हणाले.

हितेश मशीनसमोरून गेला. मशीनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. ऑफिसात गेला, टेबलावरचं लांब रजिस्टर उघडलं, खिशातलं पेन काढलं, सही केली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. जांभळ्या तोंडाचा माणूस सही करतोय. आणि राखेच्या तोंडाचा माणूस नळाशी उभा आहे.

त्या नळावर मिरचीवाल्या बायका हात धुतात. खालचा दगड कायम लाल असतो. मी ओंजळ भरली आणि तोंडावर मारली. काकांचे ठिपके पहिल्या ओंजळीत गेले. राख जायला वेळ लागला. डोळ्यांत मिरची गेली. मी परत मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा डोळे लाल होते आणि पाणी थांबत नव्हतं. मिरचीमुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

हिरवा दिवा लागला. बाई म्हणाली, "धन्यवाद."

ही मानता माझ्या आईची होती. आमचं गाव धडगावच्याही पलीकडे. मी आश्रमशाळेत शिकलो, पुढे तालुक्याला, मग नंदुरबारला कॉलेज. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना आईने देवाला बोलून ठेवलं होतं: मुलगा पंधरावी पास झाला आणि टेबलाच्या कामाला लागला, तर पाच वर्षं होळीला पाळणी करेल. मी पास झालो. टेबलाच्या कामाला लागलो. म्हणजे ही नोकरी मिळाली म्हणून ती पाळणी होती. आणि या नोकरीच्या फाटकावर मी ती धुऊन टाकली.

रजा मी दरवर्षीसारखी पाच दिवसांची मागितली होती. त्या वर्षी तीन दिवसांची मिळाली. मार्चअखेर होती, मालाची मोजणी होती, माझा करारही तेव्हाच संपत होता. मी विचार केला, चौथ्या दिवशी तसाच जाईन. उभ्याने काम करेन. राख कोणाच्या आड येते? मशीनचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आणि त्या मशीनवर सगळ्या कारखान्याचे चेहरे चढवणारा माणूस मीच होतो.

पहाटेच्या एसटीने आलो होतो. कंडक्टरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिकीट फाडताना विचारलं, "मानता का? कितवं वर्ष?"

"चौथं."

"चांगलं." आणि तो पुढच्या सीटकडे गेला. मी उभाच होतो, तर घाटात त्याने मला मागच्या दांडीला धरायला जागा करून दिली. त्याला मी नवा माणूस. त्याने मला ओळखलं. रोज कितीदा तरी माझं तोंड बघणाऱ्या मशीनने ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावी फोन लावला. आईला सांगितलं.

"कोणी धुतलं?" तिने विचारलं.

"मीच."

फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मग पहिल्यापासून. पाचही वर्षं."

आता मी खरं लिहितो. मला त्या दिवसांत नानांचा राग आला नाही. मला हितेशचा हेवा वाटला. तोंड काळं-निळं करणारा, रात्रीची झोप घालवणारा हेवा. आणि तो त्या दिवशी सुरू झाला नव्हता. तो जुनाच होता. त्या दिवशी फक्त त्याला तोंड फुटलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा शेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "तू आपल्या घरचाच मुलगा." मी ते वाक्य गावी जाऊन सांगितलं. आईने शेजाऱ्यांना सांगितलं. मी शेठचे उपकार मानत होतो आणि आजही मानतो. आमच्यातल्या पोराला टेबल-खुर्ची देणारे किती होते? म्हणून मशीन आलं तेव्हा सगळ्यात आधी मी माझा चेहरा दिला. हसत दिला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. कोणी कशाला म्हणून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरच्या माणसाने विचारायचं नसतं, असं मला वाटलं.

घरचं कोण ते रजिस्टरने सांगितलं. त्यात तीन नावं होती. शेठ, त्यांचा मुलगा, हितेश.

महिन्याच्या शेवटी मशीनचा तक्ता मीच काढायचो. त्यात माझं सगळं असायचं. आलो किती वाजता, चहाला गेलो किती वाजता, परत आलो किती वाजता. एकदा पोट बिघडलं होतं, तर त्या दिवशी मी किती वेळा फाटकाजवळच्या संडासाला गेलो तेही त्यात होतं. नानांनी तो कागद वाचून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे, पोट फुटनं का तुन्हं?" आणि हितेशच्या नावापुढे रकाने कोरे असायचे. त्या कोऱ्या रकान्यांत मी 'हजर' टाइप करायचो. एकेका दिवसासाठी, महिनाभराचं. तो शहाद्याला पिक्चरला गेला असेल, तापीकाठी मित्रांबरोबर पार्टी करत असेल, मी 'हजर' लिहीत बसायचो. मला त्याच्या केळीच्या बागांचा हेवा नव्हता. मोटारसायकलचाही नव्हता. मला त्या कोऱ्या रकान्यांचा हेवा होता. आपण कुठे गेलो हे कुठेच लिहिलेलं नसण्याचा.

होळीनंतर आठवड्याने ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो आला. राखेचा, ठिपक्यांचा. मशीनसमोर डोळे मोठे करून उभा असलेला मी. खाली लिहिलेलं, "आज मशीन बी घाबरनं!" हसणाऱ्या तोंडांची रांग. पुढे कोणीतरी त्याचं स्टिकर केलं. कोणी कामाला उशिरा आला की ते स्टिकर. कोणाची बायको रागावली की ते स्टिकर. माझ्या आईची मानता, काकांचा हात, आणि त्याचं स्टिकर.

हा फोटो मी काढला नव्हता. कोणी मोबाइलने काढताना मी पाहिलं नव्हतं. मग मी मशीनची आतली यादी उघडली. तिथे होता. मशीन ज्याला ओळखत नाही त्याचाही फोटो ठेवून घेतं. तिन्ही वेळचे तीन फोटो. इतके दिवस मी ते मशीन चालवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

मी नानांकडे गेलो. "तो फोटो काढून टाका. ग्रुपवरूनही आणि मशीनमधूनही."

"मशीन आमनं, फोटो आमना," नाना म्हणाले. "त्यात तुन्हं काय शे?"

"तोंड माझं आहे."

नाना हसले. हितेशही हसला. मीही थोडा हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

मग मी वाचायला लागलो. मोबाइलवर, कॉलेजच्या लायब्ररीत. एका वकिलांना भेटलो. त्यांनी मला फसवलं नाही. ते म्हणाले, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. लोकांच्या माहितीसाठी कायदाही झालाय, पण त्यातला मोठा भाग लागू व्हायला वेळ आहे, आणि मालकांना त्यातही मोकळीक सापडते. "तुम्ही आत्ता एवढं करू शकता," ते म्हणाले, "विचारा. लेखी विचारा. विचारलेलं कागदावर राहतं."

मी अर्ज लिहिला. शाळेत शिकलो तशा मराठीत, समास सोडून. माझा चेहरा तुमच्याकडे कशासाठी आहे? कोण कोण पाहू शकतं? मी नोकरी सोडली तर तो कधी पुसाल? ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला सही करता येईल का?

नानांनी उभ्या उभ्या वाचला. "तुन्ही मराठी भारी शे. वकील व्हयी जा." अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. मी पोच मागितली. दिली नाही.

त्या अर्जात आधी एक वाक्य होतं, जे मी देण्याआधी खोडलं. 'हितेशभाऊंचाही चेहरा मशीनमध्ये घ्यावा.' ते वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं होतं. सगळ्यात ठळक. मला वाटत होतं की न्याय म्हणजे तेच. तोही लाल दिव्यासमोर उभा राहू दे. त्याच्याही संडासाचा हिशोब नाना वाचू देत.

ते खोडायला लावलं खुद्द हितेशने. जेवणाच्या सुट्टीत अर्जाचा कच्चा कागद त्याने माझ्या टेबलावर पाहिला. हितेश वाईट माणूस नाही. डब्यातली वांग्याची भाजी तो नेहमी माझ्या ताटलीत घालायचा.

"तू मन्हावर जळस ना?" त्याने सरळ विचारलं.

"हो," मी म्हणालो. "जळतो."

"टाक मंग मन्हा चेहरा मशीनमा. आत्ते टाक. मंग तुले बरं वाटी?"

तो उठून फाटकाशी मशीनसमोर जाऊन उभाही राहिला. हात मागे बांधून, शाळेतल्या फोटोसाठी उभं राहतात तसा. मी मागोमाग गेलो, माझ्या बोटाखाली बटण होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. स्वच्छ, गोरं, बिनधास्त तोंड. त्यावर भीती नव्हती, कारण उद्या ते नको झालं तर मामाला सांगून पुसता येणार होतं.

मी बटण दाबलं नाही. त्याचा चेहरा आत गेला तरी माझा बाहेर येत नव्हता. इतके महिने मी त्याचं काढून घ्यायचं स्वप्न बघत होतो. मला हवं होतं ते वेगळंच होतं. मला त्याच्यासारखं रजिस्टर हवं होतं. मला कोरा रकाना हवा होता. आणि फक्त मला नाही.

कारण तेव्हा मला भुरीबाई आठवली. भुरीबाई आमच्याच डोंगरातली, देठं खुडायच्या कामावर येते. मिरचीच्या ठसक्याने बायका तोंडाला फडकं बांधतात, फक्त डोळे दिसतात. मशीन आलं तेव्हा मी एकेकीला फडकं काढायला लावलं होतं. भुरीबाईने फडकं काढलं, खोकली आणि पावरीत, आमच्या बोलीत, विचारलं होतं, "पोरा, हा फोटो जातो कुठे?"

"कुठे नाही मावशी. यातच राहतो."

मला माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं. ती ऑफिसवर विश्वास ठेवत नव्हती, तिने माझ्या बोलीवर विश्वास ठेवला. म्हणून तर ते काम मला दिलं होतं. डोंगरातल्या माणसांची तोंडं डोंगरातल्याच माणसाकडून उघडून घ्यायची.

दिवाळीनंतर मिरचीचा हंगाम सुरू झाला. जीपा भरून नवी माणसं आली. नाना म्हणाले, "चाल, सगळासना चेहरा चढाव."

"नाही," मी म्हणालो.

नानांना वाटलं मी ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं.

"फोटो कुठे जातो ते आधी कागदावर द्या. मी तो त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवतो. ज्याची इच्छा असेल तो देईल. बाकीच्यांना रजिस्टर द्या. तोवर मी कोणाचा चेहरा घेणार नाही."

"तुले कोणी शिकाडं हाई?"

मी नळाकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं. त्यांना काही आठवलं की नाही, माहीत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी पथारीवर गेलो. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. जिकडे बघावं तिकडे लाल. बायका कडेच्या लिंबाखाली भाकरीची गाठोडी सोडून बसल्या होत्या. मी उभ्याने सांगितलं, पावरीत. तुमचा चेहरा मी घेतला तेव्हा तुम्हाला विचारलं नाही. कुठे जातो हे मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो. तो त्या डब्यात राहतो, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसतो, कोणीही मोबाइलवर घेऊ शकतो. माझं झालं ते तुम्ही पाहिलंत. माझं चुकलं.

मग भुरीबाईने फडकं खाली केलं.

"म्हणजे माझं एक तोंड इथे आणि एक तिथे डब्यात?"

"हो मावशी."

"मग त्यालाच पाठव ना देठं खुडायला. मी घरी झोपते."

सगळ्या हसल्या. फाटकावरचं हसणं आणि हे हसणं यांत काय फरक होता ते मला सांगता येणार नाही, पण मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर हसलो. हसणं थांबल्यावर भुरीबाई म्हणाली, "तू घेतलंस. तूच परत आणून दे."

ती गंमत करत नव्हती.

त्याच संध्याकाळी शेठनी बोलावलं. "आपण तुला घरचा समजलो," ते म्हणाले. त्यांना खरंच दुःख झालं होतं. मी म्हणालो, "शेठ, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण घरचा असतो तर त्या दिवशी रजिस्टर मिळालं असतं." ते माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझं टेबल गेलं. मशीनच्या किल्ल्या आणि पासवर्ड मी हितेशकडे दिले. देताना कागद केला: या मशीनमध्ये कारखान्यातल्या सर्व कामगारांचे चेहरे आहेत, ते त्यांना न विचारता मी घेतले. खाली माझी सही. हितेशने वाचलं, डोकं खाजवलं आणि पोच म्हणून स्वतःची सही केली. त्या कारखान्यातली माझी पहिली पोच.

आता मी पथारीवर पोती मोजतो. तोंडाला फडकं बांधतो. आईला टेबल गेल्याचं सांगितलं, तिने विचारलं, "हजेरी कशी लावतात?" मी म्हणालो, "अजून तसंच." ती म्हणाली, "मग अजून झालं नाही तुझं."

हितेशचा हेवा मला अजूनही वाटतो. रोज सकाळी तो रजिस्टर उघडतो तेव्हा मी खिडकीतून बघत राहतो. मी तो हेवा सोडणार नाही. तो सोडला तर मला काय मागायचंय ते मी विसरेन. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही, दुसरा दिला. दुसऱ्यावर माझ्यासोबत अकरा जणींचे अंगठे आहेत. पहिला भुरीबाईचा. अंगठा उठवताना तिने विचारलं, "हा कुठे जातो?" मी पूर्ण कागद वाचून दाखवला. दोनदा. मग तिने अंगठा दिला. तिसरा अर्ज लिहून तयार आहे. तो कामगार कार्यालयात जाईल.

महिन्यावर होळी आली आहे. माझ्या पाळणीचं पहिलं वर्ष. काकांना सांगून ठेवलंय, ठिपके दाट काढा. यंदाही रजा तीनच दिवसांची मिळेल. चौथ्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने येईन, अनवाणी, आणि त्या मशीनसमोर उभा राहीन. लाल दिवा लागेल. बाई म्हणेल, पुन्हा प्रयत्न करा.

मी पुन्हा प्रयत्न करणार नाही. मी रजिस्टर मागेन. नाही दिलं तर फाटकाबाहेर उभा राहीन, संध्याकाळपर्यंत, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना माझं तोंड दिसेल असा.

नळ तिथेच आहे. मी त्याच्याकडे जाणार नाही.